बाईंचा तिसरा नियम

बाई, तुमच्या पुण्यानुमोदनाला मंडप भरून माणूस होतं. परंड्याहून लोक आले, कुर्डुवाडीहून आले, ज्यांना तुम्ही ओळखतही नसाल असेही आले. एकजण माइकवर म्हणाला, "बाई अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या." मला हसू आलं. तोंडाला टॉवेल लावला. शेजारच्याला वाटलं म्हातारा रडतोय, त्यानं पाठीवर हात फिरवला. मी फिरवू दिला.

मग मलाही उठवलं. मी दूध संस्थेचा चेअरमन, गावातला वयानं मोठा, माझा मान होता. माइक हातात घेतला. "बाईंनी मला लई छळलं," एवढं बोललो आणि खाली बसलो. तुमच्या बहिणीचा मुलगा डोळे वटारून बघत होता. त्याला काय माहीत!

घरी आलो तरी चैन पडेना. लेक सुली माहेरी आली आहे, तिला म्हणलं, मी सांगतो, तू लिही. म्हणाली, "दादा, बाईंशी भांडायचं असलं तर स्वतःच्या हातानं भांडा. मला मधी घालू नका." म्हणून हे माझ्या हातचं आहे. माझी शाळा दुसरीपर्यंतची. ओळ उताराला लागली तर तुम्ही तांबडी रेघ मारायला आता नाही, एवढाच फायदा.

तुम्ही कुठल्या साली जन्मल्या, किती वर्षं नोकरी केली, ते सगळं मंडपात वाचून झालं. मला दुसरंच बोलायचं आहे. तुमचा तिसरा नियम ग्रामसभेत मी पाडला होता, आणि पाडला ते चुकलं हे तुम्ही जिवंत असेपर्यंत माझ्या तोंडून निघालं नाही. ते आधी सांगतो, मग बाकीचं.

बहात्तरचा दुष्काळ म्हणलं की लोक मिलो ज्वारीची लाल भाकरी सांगतात. मला आधी तुमची छत्री आठवते. पाझर तलावाचं काम चालू होतं, गावचं निम्मं माणूस तिथं खडी फोडत होतं आणि मी मुकादम. गळ्यात शिट्टी, डोक्याला पटका. बाभळींना झोळ्या बांधलेल्या, त्यात तान्ही लेकरं. रांगती लेकरं दगडाच्या कपच्यांत रांगायची. आठ-दहा वर्षांची आईच्या शेजारी बसून हातोडी मारायची आणि त्यांची खडी आईच्या ढिगात जायची. मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण मुकादमानं ढीग मोजायचा, हात मोजायचे नाहीत, हा आमचा दस्तूर होता.

एवढ्या उन्हात तुम्ही, पंचायत समितीनं धाडलेल्या नव्या बाई, काळी छत्री घेऊन आलात. तिची एक काडी मोडलेली होती.

"मुकादम कोण?"

"म्या. तुमचं नाव मस्टरवर न्हाई, बाई."

"मस्टरवर नाव नको मला. लेकरांना सावली पाहिजे."

"सावली सरकारनं अजून धाडली न्हाई. आली की पयली तुमाला देतो."

बाया हसल्या. मलाही बरं वाटलं. तुम्ही छत्री माझ्या हातात दिली. म्हणालात, "मग येईपर्यंत ही धरा," आणि सरळ झोळ्यांकडं चालत्या झालात. गळ्यात शिट्टी, हातात बाईची छत्री, असा मी तलावाच्या मधोमध उभा. बाया अजून हसतच होत्या, फक्त आता माझ्याकडं बघून.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चार बांबू रोवले आणि जुनी लुगडी जोडून त्यावर टाकली. बालवाडी ती. पंचायत समितीची सुकडी यायची, ती तुम्ही तिथं वाटायला लागला. आमच्या गल्लीतल्या बायांनी पहिले दोन-तीन दिवस आपली लेकरं सोडली नाहीत. का सोडली नाहीत ते तुम्हाला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तुम्ही भाषण केलं नाही. पातेलं सावलीत ठेवलं आणि गाणं म्हणायला लागला. चौथ्या दिवशी पातेल्याला तळ दिसत होता.

मी स्वतः तुमच्या मडक्यातलं पाणी पहिल्यांदा प्यालो ते ओंजळीनं. तांब्या हातात घेतला नाही. तुम्ही वरून पाणी ओतलं आणि बघितलं. पुढच्या साली तांब्या घेतला, तेही तुम्ही बघितलं. दोन्ही वेळी बोलला नाहीत. बाई, पहिल्या वेळी बोलायला पाहिजे होतं. एवढ्या तेवढ्यावरून मला टोचायचा, तिथंच कशा गप्प बसलात?

मग तो कागद आला. पुण्याकडची एक संस्था गावांना अनुदान देत होती. तीन वर्षं बालवाडी चालवायला, पत्र्याची शेड घालायला, लेकरं सांभाळणाऱ्या दोन बायांना मजुरी द्यायला. पण नुसतं अर्ज केला आणि मिळालं असं नव्हतं. गावानं ग्रामसभेत आपल्या लेकरांसाठी आपण नियम करायचे, ते पाळायचे, आणि आधी संस्थेचे साहेब येऊन लेकरांची हालत बघणार. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत तो कागद आम्हाला वाचून दाखवला. बाया भाकरी चावत ऐकत होत्या.

"म्हंजे भीकच," मी म्हणलं.

"भीक कशी, मुकादम?"

"आमची लेकरं उपाशी हायती बघा, असं दाखवायचं आन पैसं घ्यायचं. देवळाम्होरं बसत्यात ते काय येगळं करत्यात?"

"ते नुसता हात पुढं करतात. आपण नियम पुढं करतोय. आम्ही एवढं करू, तुम्ही तेवढं द्या. हा सौदा आहे."

"सौद्यात जखम दाखवत न्हाईत."

"वैद्याला दाखवतात," तुम्ही म्हणालात. बायांनी माना हलवल्या आणि मी शिट्टी वाजवली. सुट्टी संपायला अजून अवकाश होता, पण वाजवली.

नियम तुम्ही तीन लिहिले होते. पहिला, चौदा वर्षांच्या आतलं लेकरू कुठल्याही कामाच्या मस्टरवर किंवा आईच्या ढिगावर दिसता कामा नये. दुसरा, जिथं गावच्या बाया कामाला जातील तिथं तान्ह्यांना सावली, पाणी आणि सांभाळायला एक बाई पाहिजे, आणि तिला खडी फोडणाऱ्या बाईएवढीच मजुरी. तिसरा, धाकटं सांभाळायला म्हणून कुठल्या पोरीला शाळेतून घरी ठेवायचं नाही. तिच्या धाकट्याची सोय गाव करील. तिसरा वाचताना तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. पण माझी सुली तेव्हा नऊ वर्षांची, दुसरी झाल्यावर शाळा सुटलेली, आणि धाकट्याला कडेवर घेऊन त्याच बाभळीखाली उभी होती.

साहेब यायचे ठरले. तुम्ही त्यांना आणायला सकाळच्या एसटीनं कुर्डुवाडी स्टेशनला गेलात आणि इकडं मी माझं काम केलं. हे काम दुसऱ्या कुठल्या गावात झालं असतं असं मला वाटत नाही. गावाची इज्जत जाणार म्हणून आम्ही उपाशी गावात पंगत घातली. कुणाच्या घरून गूळ, कुणाच्या घरून मूठभर शेंगदाणे, कुणाचं लेकीच्या बाळंतपणासाठी लपवून ठेवलेलं तूप, असं गोळा करून शेंगाच्या पोळ्या केल्या. बायांनी पोळ्या लाटल्या आणि एक तुकडा तोंडात घातला नाही. शाळेला चुना मारला. आणि ज्यांच्या फासळ्या दिसत होत्या, ज्यांची बोटं दगडानं फुटली होती, ती चाळीस पोरं दोन बैलगाड्यांत घालून सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला धाडली. बैलंही तशीच, फासळ्या मोजून घ्याव्यात. पण साहेब बैलं बघायला येणार नव्हते.

शाळेत मी बारा पोरं उभी केली, निवडून. चार बऱ्या घरची होती, बाकीच्यांना उसने कपडे. पुढं सुली, आत्याचा परकर-पोलका घालून. साहेबांनी तिला विचारलं, "कितवीत आहेस, बाळ?"

तिला मी आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं. "चौथीत."

"वा!" साहेब म्हणाले. "मग पाढे म्हण बघू."

ती घाबरली नाही. दोनाचा म्हणाली, तिनाचा म्हणाली, पाचाचाही म्हणाली. पाचाचा कुठं शिकली मला माहीत नव्हतं. तुमच्या लुगड्यांच्या सावलीत बसून शिकली होती, धाकट्याला मांडीवर झोपवता झोपवता.

तुम्ही दारात उभ्या होतात. तुम्ही तोंड उघडलं होतं, "साहेब, ही..." एवढं म्हणालातही. मग सुलीकडं बघितलं आणि गप्प बसलात. पोरगी सगळ्यांसमोर खोटी पडू नये म्हणून तुम्ही हातातलं अनुदान सोडून दिलंत. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही, मीही कधी काढलं नाही. पण मला त्याच घडीला कळलं होतं, बाई.

साहेब पोळ्या खाऊन तृप्त होऊन गेले. जाताना माझा हात हातात धरून म्हणाले, "दुष्काळात असं गाव मी पाहिलं नाही." माझी छाती फुगली. जीप दिसेनाशी झाली आणि तुम्ही वळलात.

"बाकीची पोरं कुठं आहेत?"

"देवाला गेल्यात."

"कुणी नेली?"

"देवाला न्यायला कुणाचा दाखला लागतो व्हय?"

"मुकादम," तुम्ही म्हणालात, आणि तुमचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली, "तुमची अब्रू आणि त्यांचं पोट, एका लुगड्यात दोन्ही झाकत नाहीत. तुम्ही अब्रू झाकली. पोट उघडं पडलं."

दिवस मावळायला गाड्या परत आल्या, त्या गात. पोरांनी देऊळ बघितलं होतं, माकडं बघितली होती, कुणा यात्रेकरूनं फुटाणे वाटले होते. त्यांच्या जन्मात तसा दिवस आला नव्हता. एक पोरगी गाडीतून उतरून तुमच्या कमरेला मिठी मारून माकडाची नक्कल करायला लागली. तुम्ही हसलात. डोळे पुसत हसलात. आणि माझ्याकडं असं बघितलंत की मला वाटलं, एखादी बाई एवढ्या रागात एवढी हसते तरी कशी.

त्या संध्याकाळी सुलीनं परकर-पोलका घडी घालून आत्याला परत दिला आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"दादा, मी आता चौथीत हाय ना?"

"व्हय," मी म्हणलं. काय म्हणणार!

"मग उद्यापासनं जाऊ का?"

तिची आई चुलीपाशी होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता द्या उत्तर, मुकादम." बायको मला कधी मुकादम म्हणत नव्हती. तुमचं ऐकून ऐकून शिकली होती.

मी हेकट माणूस. पण माझा शब्द खाली पडू देत नाही, याचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आताही आहे. पुण्याच्या साहेबासमोर पोरगी चौथीत आहे म्हणून सांगितलं, तर ती चौथीत पाहिजे. सकाळी तिला घेऊन शाळेत गेलो. गुरुजी म्हणाले, तिसरी झाली नाही, चौथीत कशी घेऊ? मी म्हणलं, पाढे म्हणून दाखवील. तिनं दाखवले. गुरुजींनी तिसरीत बसवली. एक यत्ता खाली आली, तेवढं मी चालवून घेतलं. धाकट्याला तिची आई तुमच्या सावलीत टाकून जायला लागली.

मग संस्थेचं पत्र आलं. तुम्ही ते चावडीत उभं राहून वाचलं. गावाची परिस्थिती समाधानकारक आढळली, सबब अनुदानाची निकड दिसून येत नाही. माझं नाव तुम्ही घेतलं नाही. पत्र घडी घालून माझ्या खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "हे तुमच्यापाशी असू द्या. उत्तर तुम्ही द्यायचं. मी लिहिलं तर म्हणतील, बाई कांगावा करते. ज्यानं झाकलं त्यानंच उघडावं."

मी महिनाभर काही केलं नाही. पत्र खिशात घेऊन तलावावर फिरायचो. खिशात विंचू ठेवल्यासारखं. तुमची लुगडी वाऱ्यानं फाटली, तुम्ही परत जोडली. सांभाळायला दुसरी बाई नव्हती. तुम्ही एकट्या, तीस-चाळीस लेकरं. एक दिवस कपची उडून एका रांगत्या पोराच्या भुवईला लागली. डोळा थोडक्यात वाचला. तुम्ही पदराची पट्टी फाडून बांधली आणि मला हाक मारली नाही. नेहमी मारायचा. त्या दिवशी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मीच सावलीत येऊन बसलो. "लिवा," म्हणलं.

तुम्ही कागद घेतला. "काय लिहू? पोरं लपवली, म्हणून?"

"लपवली न्हाई. दर्शनाला धाडली."

"मुकादम..."

"अवो, धाडलीच हुती. पोरांला इचारा."

"कशासाठी धाडली तेही लिहायचं मग."

किती वेळ भांडलो आपण! शेवटी जे लिहिलं ते मला अजून पाठ आहे. 'आपण आला तेव्हा पाहिलं ते गाव खोटं नव्हतं, पण निम्मंच होतं. उरलेलं निम्मं, चाळीस लेकरं, मी स्वतः गाड्यांत घालून सोनारीला पाठवली होती, आपल्या नजरेला पडू नयेत म्हणून. आता या, सगळं दाखवतो.' खाली मी सही केली. सही करताना हात जड झाला, हे तुम्ही बघितलं, आणि मला शाई वाळवायला कागद हलवायला दिलात, म्हणजे थरथर कुणाला दिसू नये. असं काहीतरी तुम्ही करायचा आणि मग वर भांडायचा.

साहेब परत आले, भर दुपारी, सरळ तलावावर. या वेळी पोळ्या नव्हत्या. मी शिट्टी वाजवली आणि पोरांना रांगेत उभं केलं. "साहेब, वजन करू नका, दात बघू नका. हात बघा," म्हणलं. पोरांनी तळवे पुढं केले. साहेब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मधे एका पोरीचा हात हातात धरून थांबले. पाणी मागितलं, ते तुमच्या मडक्यातलंच प्याले. मग आमच्याबरोबर मिलोची भाकरी आणि चटणी खाल्ली, आणि खाता खाता मला म्हणाले, "त्या दिवशीच्या पोळ्या यापेक्षा महाग पडल्या तुम्हाला."

"लई महाग, साहेब," मी म्हणलं. तुमच्या हयातीत माझ्या तोंडून गावासमोर निघालेली कबुली ती एवढीच.

आता ग्रामसभा. पहिला नियम झाला. दुसरा झाला. तिसरा तुम्ही वाचला आणि मी उठलो.

"ह्यो नियम नगं. घरातल्या पाळण्याची दोरी कुणी वढायची हे पंचायतीनं सांगू नये."

"तुमची सुली शाळेत जाते, मुकादम."

"मी धाडली म्हणून जाते. माझ्या मर्जीनं. कुणाच्या नियमानं न्हाई."

"ज्याच्या बापाची मर्जी नाही तिनं काय करायचं?"

मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की गडीमाणसं माझ्या बाजूनं हात वर करायची, तेव्हा तसं होतं. बाया त्या काळी सभेला यायच्या नाहीत. तुम्ही एकट्या होतात. नियम पडला. दोन नियमांवर अनुदान मिळालं. शेड झाली, पत्रे आले, सांभाळणाऱ्या दोन बाया आल्या. मी शेडच्या उद्घाटनाला नारळ फोडला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. जिंकलो असं मला वाटलं.

मग आपण त्याच्यावरनं तीस वर्षं भांडलो. तुम्ही म्हणायचा, मर्जी माणसाबरोबर मरते, नियम मागं राहतो. मी म्हणायचो, नियम कपाटात राहतो, मर्जी काळजात. मग तुम्ही गावातल्या एकेका पोरीचं नाव घ्यायचा जिची शाळा सुटली, आणि मी म्हणायचो, तिच्या बापाशी बोलतो. बोलायचोही. काही बाप ऐकायचे. काही म्हणायचे, चेअरमन, तुमच्या घरात डोकवायला आम्ही आलो का? माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारायचे. ते मी तुम्हाला येऊन सांगत नव्हतो.

तीन वर्षं संपली, अनुदान थांबलं. तोवर गावात दूध संस्था झाली होती आणि मी चेअरमन. तुम्ही परत अर्ज लिहायला बसलात. मी म्हणलं, "कागद ठेवा. आता संस्था देईल." सकाळच्या संकलनात प्रत्येक सभासदानं आपल्या किटलीतलं एक माप आधी बालवाडीच्या बादलीत ओतायचं आणि मग दूध काट्यावर घालायचं, असं ठरवलं. अजून चालू आहे. कुणी विसरलं तर मागचा माणूस ओरडतो, "बादली!" तुम्ही त्या दिवशी बादलीपाशी उभ्या राहिलात, पहिलं माप पडताना. मी मुद्दाम विचारलं, "काय बाई, भीक का सौदा?"

"हा नियम झाला, मुकादम," तुम्ही म्हणालात. "तुम्हाला कळला नाही, एवढंच."

मी चेअरमन झालो, गाव चेअरमन म्हणायला लागलं, पाहुणेरावळे चेअरमनसाहेब म्हणायचे. तुम्ही शेवटपर्यंत मुकादमच म्हणालात. मला राग यायचा. आता कुणी म्हणत नाही आणि कान तेवढ्यासाठी टवकारलेला असतो.

तुम्ही सोलापूरच्या दवाखान्यातून परत आलात तेव्हा मी किटली घेऊन आलो होतो. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, हात सुकलेले. एक घोट घेतला आणि म्हणालात, "पातळ आहे."

"आमच्या संस्थेचं दूध पातळ? गावात दुसरं कुणी म्हणलं असतं तर..."

"म्हणूनच मी म्हणते."

मी त्या दिवशी सांगायला आलो होतो. घरून निघताना वाक्य जुळवलं होतं: बाई, तिसऱ्या नियमाचं माझं चुकलं. चौकटीत येईपर्यंत ते तोंडात होतं. मग बसलो आणि पेंडीच्या भावाबद्दल बोलत राहिलो. तुम्ही ऐकत होतात. निघताना म्हणालात, "अजून काही होतं का?" मी म्हणलं, "न्हाई, एवढंच." तुम्हाला ठाऊक होतं, बाई. तुम्ही जागा करून दिली होती आणि मी बसलो नाही.

काल ग्रामसभा झाली. आधी तुमच्या दुखवट्याचा ठराव, म्हणून बायाही आल्या होत्या, पहिल्यांदाच एवढ्या. अंगणवाडीपासून पारापर्यंत बसल्या होत्या. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग पाण्याचा विषय झाला, रस्त्याचा झाला. आयत्या वेळच्या विषयांत मी उठलो आणि तिसरा नियम सांगितला, तुम्ही लिहिला होता तसाच, शब्द न शब्द.

एकजण मागून म्हणाला, "चेअरमन, ह्यो तर तुमीच पाडला हुता."

"व्हय. मीच पाडला, मीच उचलतो. चुकलं हुतं माझं. तुजं काय जातंय?"

बाई, बोललो बघा. एवढ्या माणसांत बोललो, आणि आभाळ कोसळलं नाही. मला वाटलं होतं कोसळेल.

मग म्हातारी कोंडाबाई उठली. तलावावर तुमच्या सावलीत तिची दोन लेकरं वाढली, तीच. म्हणाली, "पोरीच का म्हणून? माझा नातू शाळा सोडून भाऊ राखतोय. त्यानं काय केलंय?"

मी म्हणलं, "बाईंनी पोरगी असं लिवलंय. अक्षर बदलायचं न्हाई."

"बाई असत्या तर बदललं असतं."

"नसतं बदललं."

"असतं!" कोंडाबाई म्हणाली, आणि मागून दहाजणी म्हणाल्या, "असतं!" तुमचं नाव घेऊन मला हरवलं, बाई. 'पोरीला' खोडून 'लेकराला' केलं. तुम्ही काय म्हणाला असता मला खरंच माहीत नाही. मला अजून वाटतं तुम्ही भांडला असता, निदान माझ्याशी तरी.

ग्रामसेवकानं लिहायला घेतलं. सूचक म्हणून तुमचं नाव घाला म्हणलं, तर म्हणाला मयत माणसाचं घालता येत नाही. मग माझं घातलं. "अनुमोदक कोण?" म्हणून त्यानं विचारलं आणि बायांच्या बाजूला हातच हात वर आले. तो पेन धरून बघत बसला. म्हणाला, "एकच नाव लिहायचं असतं. कुणाचं लिहू?"

"समद्यांचं लिव," बाया म्हणाल्या.

"एवढी जागा नाही, आजी."

"मग पान उलट की," कोंडाबाई म्हणाली.

त्यानं उलटलं.